नगरच्या लुगड्याचा पत्ता

मैत्रिणींनो, भाद्रपदातल्या उन्हाबद्दल मी तुम्हाला काय सांगावं! पाऊस चार दिवस उघडला की घरातल्या ट्रंका गच्चीवर न्यायच्या, कपड्यांच्या घड्या मोडून नव्या घालायच्या, जुना कडुलिंबाचा पाला काढून ताजा वाळवलेला ठेवायचा, हा आमच्या सासरचा शिरस्ता. (जरीची साडी मात्र थेट उन्हात टाकू नका हं, सावलीत वाऱ्यावर पसरा. आणि सुती लुगडं कायमचं ठेवून द्यायचं असेल तर आधी खळ धुऊन काढा. खळ राहिली की कसर लागलीच समजा.)

गेल्या भाद्रपदात असाच पसारा मांडून बसले होते. आजेसासूबाईंच्या ट्रंकेत तीन नऊवारी लुगडी निघाली. दोन चांगली होती. तिसरं साधं, सुती, गडद निळं, लाल काठाचं, घडीवर विरलेलं. ते मी गोधडीसाठी बाजूला काढलं. त्याच वेळी माझ्या नणंदेची मुलगी गच्चीवर आली. ती शिकायला वेल्समधल्या कार्डिफला असते, सुटीला आली होती. अंगात एक जाडसर सुती बनियनवजा सदरा, त्यावर कसली तरी परकी अक्षरं.

"हे काय गं लिहिलंय?" मी विचारलं.

"मामी, यातले काही शब्द वेल्श आहेत आणि काही इटालियन. तिथे दोन्हीकडची माणसं आहेत ना, त्यांच्या नावाने असे कपडे काढतात."

मग तिने सगळी गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इटलीतल्या बार्डी नावाच्या डोंगरी गावातून माणसं पोटासाठी वेल्समध्ये गेली. तिथल्या कोळशाच्या खाणींच्या गावांत त्यांनी चहा-कॉफीची, आइस्क्रीमची दुकानं थाटली. सुरुवातीच्या एका घराण्याचं आडनाव ब्राची होतं, तर वेल्श लोक अशा कुठल्याही दुकानाला 'ब्राची'च म्हणू लागले. 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि काल ज्यांच्याकडे कॉफी प्यायली त्या दुकानदारांना ब्रिटिश सरकारने शत्रू म्हणून पकडलं. अशा कैद्यांना कॅनडाला घेऊन निघालेलं 'अरँडोरा स्टार' हे जहाज 2 जुलै 1940 रोजी जर्मन पाणबुडीने बुडवलं. आठशेच्या वर माणसं गेली, त्यांत कित्येक वेल्समध्ये संसार थाटलेले इटालियन होते. आज त्यांची पतवंडं दोन्ही भाषांतले शब्द अंगावर मिरवतात.

"आपल्या नगरला आहे का गं मामी असं काही? म्हणजे कपड्यावर माणसांचा पत्ता?" तिने सहज विचारलं, आणि तेच निळं लुगडं उचलून म्हणाली, "हे कुठलं?"

"नगरचंच असेल," मी म्हटलं. आजेसासूबाई 'नगरी लुगडं' म्हणायच्या एवढं आठवत होतं. कुणी विणलं, कुठल्या गल्लीत, काही माहीत नाही. लग्न होऊन या गावात मला बारा वर्षं झाली, आणि कापड बाजारात तर मी आठवड्यातून दोनदा जाते!

आता माझी एक चूक सांगते. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. त्याच आठवड्यात सहावीतल्या दोन मुली मधल्या सुटीत भराभर काहीतरी वेगळंच बोलत होत्या. मी जाता जाता म्हटलं, "ही काय भाषा? शाळेत नीट मराठी बोला." एक मुलगी हसली. दुसरी गप्प झाली, आणि पुढचे दोन-तीन दिवस वर्गातही गप्पच होती. ती भाषा तेलुगू होती हे मला ठाऊक होतं, म्हणूनच जास्त लागलं. नगरमध्ये राहणाऱ्या कुणाला ते ठाऊक नसतं? तोफखाना, चितळे रोड, गांधी मैदान हा सगळा भाग पद्मशाली समाजाचा. गांधी मैदानाजवळ त्यांचं मार्कंडेय ऋषींचं देऊळ आहे, नारळी पौर्णिमेला मिरवणूक निघते. आपण वाटेत थांबून ती बघतो आणि पुढे भाजी घ्यायला जातो.

मी त्या मुलीला बोलावलं आणि म्हटलं, "मला तुझ्या भाषेत साडीला काय म्हणतात ते सांग." बराच वेळ ती बोलेना. मग म्हणाली, "चीर." चीर! द्रौपदीचं चीर आपण लहानपणापासून ऐकतो, ते या पोरीच्या घरी रोज दोरीवर वाळतं. "आणि मागाला?" "मग्गम, बाई." "सुताला?" "नूलु." म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली. दुसऱ्या दिवशी आईचा निरोप घेऊन आली, नवरात्रात बतकम्मा बघायला या.

तुमच्यापैकी सोलापूर, संगमनेर, भिवंडीकडच्या मैत्रिणींना बतकम्मा ठाऊक असेल. इतरांसाठी सांगते. सर्वपित्री अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत नऊ दिवसांचा हा तेलंगणातला बायकांचा सण. ताटात फुलांचे थरावर थर रचून गोपुरासारखा उंच डोलारा करायचा. फुलं तरी कुठली? कुरडू, तरवड, झेंडू, जी आपल्याकडे बांधावर आणि माळावर उगवतात आणि ज्यांना एरवी कुणी विचारत नाही. कुरडूचे पांढरे तुरे रंगात बुडवून त्यांचा एक थर, तरवडाच्या पिवळ्या फुलांचा एक थर, आणि वर हळदीची गौरम्मा. मग सगळ्या बायका भोवती फेर धरतात, टाळ्या वाजवत, एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी ओढायचं. शेवटी फुलं पाण्यात सोडायची आणि मलिदा वाटायचा.

मी बघतच राहिले. आमच्या माहेरी याच नवरात्रात पाटावर हत्ती काढून भोंडला असायचा. तोच फेर, सासर-माहेरची तशीच गाणी, खिरापतीची तीच गंमत. आमचा हत्ती होता तिथे यांचा फुलांचा डोलारा, एवढाच काय तो फरक! त्या मुलीच्या आईने मला हाताला धरून फेरात ओढलं. पावलं दुसऱ्या मिनिटाला जुळली. शब्द मात्र एक कळला असेल तर शपथ.

फेर झाल्यावर मुलीची आजी दारात बसली. पोरं तिला अव्वा म्हणतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कात्रीने कापलेली तेंदूची पानं. बोलता बोलता विड्या वळणं चालू होतं. हात थांबतच नव्हते, सणाच्या दिवशीसुद्धा. मी विचारलं, "आजी, तुम्ही पूर्वीपासून विड्याच करता का?"

"पूर्वी कांड्या भरायचे. रहाटावर. मालक मागावर बसायचे, मी आणि सासू कांड्या भरायचो, दीर ताणा जोडायचा. घरात शिरलं की खटखट. पोरं त्या आवाजातच झोपायची. आवाज थांबला की उठायची."

मराठी बोलताना मध्येच तेलुगू, तेलुगूत मध्येच मराठी, ताणा-बाण्यासारखं. तेलंगणातलं मूळ गाव कुठलं असं विचारलं तर म्हणाली, "सासऱ्याच्या आज्याला ठाऊक. आम्ही नगरचे." तेलुगू लिहिता-वाचता तिला येत नाही, सुनेला येत नाही, नातीला येत नाही. भाषा जिभेवरच राहिली, अक्षरं मागे कुठेतरी सुटली.

घरी आल्यावर मी जरा वाचायला घेतलं. (बी.ए. झाल्याचा एवढा तरी उपयोग.) निजामशाहीच्या काळात, पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर वसलं. इंग्रजांच्या वेळी 1884 मध्ये जिल्ह्याचं गॅझेटिअर छापलं, त्यात लुगडी विणणं हा इथल्या ठळक धंद्यांपैकी एक म्हणून नोंदलेला आहे. तेलुगू बोलणारे पद्मशाली हैदराबादच्या निजामाच्या मुलुखातून पश्चिमेकडे आले ते सोलापूर, नगर, संगमनेर, पुढे भिवंडी, मुंबई असे पसरले. हातात कसब, पाठीवर बिऱ्हाड. त्यांच्या कथेत त्यांचा मूळपुरुष भावनाऋषी, मार्कंडेयाचा वंशज, कमळाच्या देठाच्या तंतूंनी देवांसाठी वस्त्र विणतो. म्हणून पद्म-शाली.

याच नगरात विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल नावाचे गृहस्थ हातमाग अधिक वेगाने कसा चालेल याच्या खटपटीत होते. त्यांनी सुधारलेल्या मागाला 'चर्चिल माग' म्हणत. म्हणजे सातासमुद्रापलीकडचा माणूस इथे येऊन मागाचे प्रयोग करीत होता, आणि मला शेजारच्या गल्लीचा पत्ता नव्हता.

मग हे माग गेले कुठे? तुम्ही-आम्हीच थोडे घालवले. नऊवारी सुटली, पाचवारी आली. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीला यंत्रमाग धडाडले. सुरतेची न चुरगळणारी साडी हातमागाच्या निम्म्या पैशांत मिळू लागली, तिला ना खळ ना इस्त्री. कोण हातमागाचं घेणार? 1985 मध्ये केंद्र सरकारने कायदा करून काही वस्त्रं हातमागासाठी राखूनही ठेवली, पण दुकानात उभं राहून कोण बघतंय! पुरुष दुसऱ्या कामांना लागले, आणि बायकांच्या हातातला रहाट जाऊन तिथे सूप आलं. बिडीचं काम घरबसल्या होतं, पोरांकडे लक्ष राहतं, हे खरं. पण हजार विड्यांवर मजुरी, आणि तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात. अव्वाचा खोकला मी ऐकला आहे. आता विड्यांचं कामही कमी होत चाललंय. सून कपडे शिवते.

गंमत बघा, आपण मराठी बायका साड्यांना गावांची नावं देतो. इरकल म्हणजे कर्नाटकातलं इलकल. नारायणपेठी म्हणजे तेलंगणातलं नारायणपेठ, जे 2019 मध्ये जिल्ह्याचं ठिकाण झालं. देवळाच्या शिखरासारखे त्रिकोण असलेला तिचा काठ आपल्याला इतका आपला वाटतो की ती साडी तेलुगू मुलुखातली आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. पैठणीचं तर विचारूच नका. आमच्या जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्याला लागून पैठण, कोपरगावच्या पुढे येवलं. दोन्हीकडे पैठणीची गावं आणि मधल्या नगरचं नाव कुठल्याच काठावर नाही.

दिवाळीच्या सुटीत आम्ही महेश्वरला गेलो. ठरवलं होतं कधीचंच, पण आता मला ते निराळ्या डोळ्यांनी बघायचं होतं. महेश्वर आणि नगर यांचं नातं तुम्हाला माहीत आहेच. 2024 मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं (तोंडातून अजून नगरच येतं, आणि एस.टी.चा कंडक्टरही नगरच ओरडतो), ते जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या लेकीवरून. 31 मे 1725 चा त्यांचा जन्म, पाटलाच्या घरचा. चौंडीला मी शाळेच्या सहलीबरोबर दोनदा गेले आहे. मुलांना आम्ही घाट, विहिरी, देवळं, न्याय सगळं सांगतो. एक गोष्ट मात्र दोन्ही वेळा सांगायची राहिली. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी नेली तेव्हा बाहेरगावचे विणकर बोलावून तिथे वसवले. सुरतेकडचे, माळव्यातले, आणखीही कुठकुठले. पाहुण्यांना, मानकऱ्यांना द्यायची पागोटी आणि नऊवारी लुगडी तिथेच विणायची, अशी सोय केली. म्हणजे आज आपण दुकानात 'महेश्वरी दाखवा' म्हणतो, तीही उपऱ्या माणसांच्याच हातची, आणि त्यांना आसरा देणारी बाई आमच्या जिल्ह्यातली.

इंदूरहून दोन-अडीच तासांत महेश्वर येतं. नर्मदेचा घाट, वर किल्ला, आणि गल्ल्यांमधून ती खटखट! मी तिथेच उभी राहिले. अव्वा म्हणत होती तो आवाज हाच असणार. आमचे हे म्हणाले, "चला, घाटावर ऊन होईल." होऊ दे ऊन!

एका विणकराच्या घरात शिरलो. तो काठ कसा दोन्ही बाजूंनी सारखाच असतो ते उलटून दाखवत होता. 'बुगडी' म्हणतात त्या काठाला. नक्षीची नावं म्हणजे चटाई, ईंट, हिरा, लहर. ईंट म्हणजे किल्ल्याच्या विटा, लहर म्हणजे नर्मदेची. बायकांनी किल्ला आणि नदी कमरेला गुंडाळून हिंडावं, अशी ती योजना.

हे सगळं मधल्या काळात बुडायला आलं होतं, अगदी नगरसारखंच. 1970 च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातले रिचर्ड होळकर आणि त्यांच्या अमेरिकन पत्नी सॅली होळकर यांनी 'रेहवा' नावाची संस्था काढली. मोजक्या बायकांना मागावर बसवून सुरुवात केली. पूर्वी बायका कांड्या भरायच्या, माग पुरुषांचा. इथे बाई मागावर बसली. रिचर्ड यांची आई अमेरिकन, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरातही दोन मुलुखांचा ताणा-बाणा! नऊवारीच्या जागी सहावारी, ओढण्या, शाली आल्या, शहरांतल्या बायकांना भावतील असे रंग आले. विणकरांच्या मुलांसाठी शाळा निघाली. 2002 मध्ये सॅली होळकरांनी 'विमेनवीव्ह' ही आणखी एक संस्था काढली. रेहवा हे नर्मदेच्या नावावरून आलेलं नाव आज जाणकारांत चालतं. किंमत जरा चढीच आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. मी साडी न घेता एक ओढणी घेतली, तीही ह्यांच्या चेहऱ्याकडे न बघता.

परतीच्या वाटेवर मात्र मी चिडले होते. राजघराणं पाठीशी असलं, नदीकाठ असला, परदेशी पाहुणे येत असले की कापडाला नाव मिळतं. तोफखान्यातल्या बोळाला कोण राजा आणि कोण राणी? महेश्वरला विणकर वसवणाऱ्या बाईंचं नाव आम्ही जिल्ह्याला लावलं ते चांगलंच झालं, पण त्याच जिल्ह्याचे विणकर विड्या वळत बसले ते कुणाच्या गावीही नाही, माझ्यासकट. ह्यांचं म्हणणं पडलं की काळ बदलतो, टांगेही गेले. त्यांचंही खोटं नाही. टांगा गेल्यावर टांगेवाल्याने रिक्षा घेतली. पण अव्वाला ती बोटं होती, ती कुणी विचारली नाहीत.

दिवाळीनंतर मी ती तिन्ही लुगडी पिशवीत घालून अव्वाकडे गेले. सूप बाजूला सरकलं, हात पदराला पुसले गेले. पहिल्याचा पदर बघताच ती म्हणाली, "हे इरकल." दुसरं उलटंसुलटं करून, "हे सोलापूरचं, मिलचं." मग ते गोधडीसाठी काढलेलं निळं घेतलं. काठावरून अंगठा फिरवला, एकदा, परत एकदा. उजेडात धरलं. काठ आणि अंग जिथे जुळतात तिथे बराच वेळ बघत राहिली.

"आमचंच का?" मी न राहवून विचारलं.

"आता कुणाचं ते कसं सांगू, बाई? त्यावर नाव कुठंय?" मग जरा थांबून, "पण असं आम्ही विणायचो. हा लाल असाच असायचा. खळ लावायला पहाटे उठायचं, उन्हाच्या आत." तिने नातीला हाक मारली, तेलुगूत काहीतरी भराभर सांगितलं. मुलगी लुगड्याशी येऊन बसली आणि तिनेही काठावरून अंगठा फिरवला.

मैत्रिणींनो, तुमच्या ट्रंकेत असं काही असेल तर गोधडी शिवण्याआधी घरातल्या, गल्लीतल्या जुन्या बाईला एकदा दाखवा. हातमागाच्या कापडात सूत कुठे किंचित जाड, कुठे बारीक लागतं, हाताला कळतं. विरलेलं लुगडं पिळू नका, बादलीत कोमट पाण्यात रिठ्याने धुवा, दोघींनी दोन्ही टोकं धरून सावलीत वाळवा, मग धुतलेल्या पांढऱ्या मांजरपाटात गुंडाळा. नवीन घेताना 'हँडलूम मार्क' 2006 पासून निघालाय, तो विचारा. आणि दुकानदाराला नुसतं 'कितीची' न विचारता 'कुठली' असंही विचारून बघा. मी विचारते. निम्म्या वेळा त्याला सांगता येत नाही, आणि तो माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघतो.

जानेवारीत शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन होतं. त्या मुलीने निळ्या लुगड्याचा एक घडी केलेला काठ मांडला. माझी परवानगी होती, कापायचं नाही या अटीवर. शेजारी पुठ्ठ्यावर तिने देवनागरीत लिहिलं होतं, तेलुगूत लिहायला कुणालाच येत नव्हतं: चीर, मग्गम, नूलु. खाली, नगर. तिची अव्वा बघायला आली होती. तिने पुठ्ठा नातीकडून वाचून घेतला, दोनदा. मग म्हणाली, फुलांचंही लिही गं, आणि कुरडूचा एक वाळका तुरा पदराच्या गाठीतून काढून तिथे ठेवला.

भाचीला मी त्याचा फोटो कार्डिफला पाठवला. लुगडं मागून घेतेय ती. मी अजून हो म्हटलेलं नाही.